वायरलेस टर्नटेबल घेताय? आधी सुई बघा

खोक्यावर ‘ब्लूटूथ’ छापलंय म्हणजे रेकॉर्डचा आवाज बिनतारी स्पीकरवर जाणारच, असं धरून चालू नका. पुतण्याने मोठ्या हौसेने आमच्याकडे सूटकेससारखा एक रेकॉर्ड प्लेअर आणला. त्यात ब्लूटूथ होतं, पण ते उलट्या दिशेचं निघालं. मोबाइलवरची गाणी त्या पेटीतल्या बारक्या स्पीकरवर वाजायची. रेकॉर्डचा आवाज मात्र दुसऱ्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर पाठवायची सोयच नव्हती. दुकानात फोन केला, तर उत्तर आलं, “काका, ब्लूटूथ आहे ना? मग झालं की!” म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: हे ब्लूटूथ आवाज बाहेर पाठवतं, की नुसता आत घेतं? तोंडी उत्तरावर विसंबू नका, माहितीपत्रकात छापलेलं दाखवायला सांगा.

पण ब्लूटूथ राहिलं बाजूला. खरी काळजी करायची ती सुईची.

त्याच पेटीवर वडिलांच्या संग्रहातली ख्यालाची एक एलपी लावली. आलाप ठीक चालला होता. तबला सुरू झाला आणि डग्गा घुमला तशी सुई उडून दोन खाचा पुढे गेली. कारण सरळ आहे. स्पीकर आणि सुई एकाच पेटीत बसवलेली. खर्जाचा आवाज पेटी हादरवतो आणि पेटी सुईला हादरवते. अशा वेळी ‘आर्मवर एक नाणं ठेवा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो कृपा करून ऐकू नका. सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो. त्यावर ही सुई टेकवली तेव्हा नाणं न ठेवताच आकडा ५ ग्रॅमच्या वर गेला. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) २ ते ३ ग्रॅम पुरतात. स्वस्त पेट्यांमध्ये असतं ते सिरॅमिक कार्ट्रिज, आणि ते जास्त भार मागतं. तो सगळा भार खाचेच्या भिंतींवर पडतो, तारसप्तकातला बारीक आवाज आधी घासला जातो आणि गेलेला आवाज कोणत्याही यंत्राने परत येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी मैफली आणि नाट्यपदं त्या एका छपाईनंतर पुन्हा निघालीच नाहीत. घरातली प्रत हीच शेवटची, असं समजून तिला जपायला हवं.

ज्यांच्याकडे आजोबांच्या काळातल्या लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत, त्यांनी आणखी सांभाळावं. सूटकेस प्लेअरवर ७८ चं बटण असतं, पण सुई बहुधा एलपीचीच असते. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं, तर ७८ ला लागतं सुमारे ७५ मायक्रॉनचं. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी खरखरत फिरते, तबकडीही खराब होते आणि सुईही. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६०एक्सबीटी किंवा सोनीचं पीएस-एलएक्स३१०बीटी यांसारखी वायरलेस टर्नटेबलं फक्त ३३ आणि ४५ वरच फिरतात. मला ही उणीव वाटत नाही. ७८ साठी वेगळी सुई बसवता येईल असं यंत्र शोधावं, किंवा जाणकाराकडून त्या एकदाच डिजिटल करून घ्याव्यात. (आणि लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका; लाख स्पिरिटमध्ये विरघळते.)

आता वेग. यासाठी उपकरण लागत नाही. रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा ठेवा, सुई न टेकवता तबकडी फिरवा आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजा. ३३⅓ च्या वेगाने तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या व्हायला हव्यात. १०१ झाल्या, तर स्वर सुमारे १७ सेंट चढला, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळपास सहावा भाग. सिनेसंगीतात हे कदाचित खपून जाईल. पण वेग एकसारखा कमीजास्त होत असेल, तर ते फेऱ्या मोजून कळणार नाही. त्याला तानपुराच हवा. एखाद्या ख्यालाची सुरुवात लावा आणि गवयाकडे लक्ष न देता नुसता षड्ज ऐका. तो जरा जरी डोलायला लागला, तर ते यंत्र नको. माझ्या मते भारतीय संगीत ऐकणाऱ्यासाठी याहून चांगली कसोटी नाही.

बिनतारी आवाजाबद्दल बरीच भीती घातली जाते. सुईकडून आलेला आवाज ब्लूटूथसाठी डिजिटल होतो आणि दाबून लहान केला जातो, हे खरं. आवाज दाबायच्या पद्धतींमध्ये साध्या एसबीसीपेक्षा ॲपटीएक्स बरं, पण ते टर्नटेबल आणि स्पीकर दोन्हींकडे असेल तरच कामाचं. एकीकडे नसेल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. शांत खोलीत चांगल्या हेडफोनवर तानपुऱ्याच्या जवारीत मला फरक जाणवतो, स्वयंपाक करता करता ऐकताना अजिबात नाही. सुई टेकल्यावर आवाज क्षणभर उशिरा येतो, तो बिघाड नव्हे. शिवाय बिनतारी असण्याचा एक मोठा फायदा आहे: स्पीकर दुसऱ्या कपाटावर ठेवता येतो, त्यामुळे डग्ग्याचे हादरे सुईपर्यंत पोचत नाहीत. मात्र मागच्या बाजूला तारेने जोडायचं लाइन आउट आहे ना, हे बघून घ्या. ब्लूटूथ जुनं झालं तरी त्या तारेवर यंत्र चालू राहतं. आणि सुई बदलता येते का, ती सुटी मिळते का, हेही विचारा. साधी सुई ३०० ते ५०० तासांत झिजते.

दुकानात जाताना आपली एक एलपी बरोबर न्या, ओरखडा पडला तरी चालेल अशी, पण तोंडपाठ असलेली. ती पूर्ण एक बाजू वाजवून दाखवायला दुकानदार तयार नसेल, तर तिथून टर्नटेबल घेऊ नका.