पी ०४२० : एका संकेताचा अर्थ आणि त्याची तपासणी

मोटारगाडीच्या चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गाडी मात्र नेहमीसारखीच धावत असते. तिची ओढ कमी झालेली नसते, की आवाजही बदललेला नसतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला असता ‘पी ०४२०’ हा संकेत उमटतो आणि पुष्कळदा निदान तेथेच संपते : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, नवा बसवावा लागेल. प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंमुळे हा भाग बराच महागडा असतो. म्हणूनच हा संकेत नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वाहनधारकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कन्व्हर्टर, म्हणजेच उत्प्रेरक परिवर्तक, आपल्याकडे नवा नाही. मुंबईसह देशातील चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिशामुळे त्यातील धातू निकामी होत असल्याने त्याच सुमारास शिसेविरहित पेट्रोलची सोय करावी लागली. परिवर्तकाच्या कामगिरीवर गाडीनेच लक्ष ठेवण्याची व्यवस्था मात्र नंतरची. ‘पी ०४२०’ हा त्या व्यवस्थेने दिलेला इशारा होय.

परिवर्तकाच्या पोलादी कवचात चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे असंख्य बारीक नलिका असलेली वीट असते. तिच्यावरील धातूंच्या संपर्काने कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले हायड्रोकार्बन यांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी बनते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे पुन्हा नायट्रोजनमध्ये रूपांतर होते. या कामी विटेवरील सीरियम ऑक्साइड ऑक्सिजनची कोठी म्हणून उपयोगी पडते. धुरात ऑक्सिजन अधिक असला म्हणजे ते तो साठवते आणि कमी पडला म्हणजे देते.

गाडीचा संगणक याच कोठीची परीक्षा घेतो. परिवर्तकाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. रूढ पद्धतीच्या सेन्सरांत पुढच्याचा दाब ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत खालीवर होत राहतो. परिवर्तक सुस्थितीत असेल, तर मागच्याचा दाब ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास बराचसा स्थिर असतो. कोठी रिकामी पडू लागली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो. हे साधारणतः लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळले, की दिवा लागतो. अर्थात, संगणकाने धूर मोजलेला नसतो. त्याने दोन सेन्सरांच्या साक्षीवरून अनुमान काढलेले असते. साक्ष बिघडली तर अनुमानही चुकते.

म्हणून पहिली पाहणी गळतीची करावी. सकाळी इंजिन थंड असताना ते सुरू करून मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत प्रत्येक जोडाशी कान द्यावा. फुसफुस ऐकू येणे किंवा जोडावर काजळीचा काळा ओघळ दिसणे ही गळतीची खूण होय. तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ती सेन्सरला फसवते. हे काम बिनखर्चाचे आहे, आणि नेमके हेच अनेकदा वगळले जाते. काही वेळा मागचा सेन्सरच आधी बदलून पाहण्याचा सल्ला दिला जातो. तो क्वचितच सार्थकी लागतो, कारण म्हातारा होऊन मंदावलेला सेन्सर स्थिर रेषा दाखवतो, म्हणजे परिवर्तकाचा दोष उघड करण्याऐवजी झाकतोच.

गळती नसेल, तर इंजिन पूर्ण तापल्यावर सुमारे २५०० फेऱ्यांवर ठेवून दोन्ही सेन्सरांच्या रेषा स्कॅनरवर शेजारी शेजारी पाहाव्यात. मागची रेषाही पुढचीसारखीच नाचत असेल, तर परिवर्तक खरोखरीच थकलेला आहे. मात्र अनेक नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो व त्याची रेषा अशी नाचत नाही. तेथे मागच्या रेषेवरच भिस्त ठेवावी लागते. कवचावर रबरी हातोडीने हलकेच ठोकले असता आत खडखड झाली, तर वीट फुटली असे समजावे.

तरीही नवा परिवर्तक आणण्यापूर्वी एक प्रश्न उरतो : जुना कशाने मेला? एखादा स्पार्क प्लग वा कॉइल चुकत असेल, तर न जळालेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन जळते आणि तेथील उष्णतेने वीट वितळते. इंजिन ऑइल पीत असेल, तर ऑइलमधील फॉस्फरसचा थर धातूंवर चढतो. हे दोष कायम ठेवून बसवलेला नवा भाग पहिल्याच्याच मार्गाने जातो आणि वाहनधारकाला तोच खर्च दुसऱ्यांदा सोसावा लागतो. ‘पी ०३००’ मालिकेतील संकेत सोबत असतील, तर त्यांचा निकाल आधी लावला पाहिजे.

खर्च टाळण्यासाठी आतील वीट काढून रिकामे कवच बसवणे, किंवा मागच्या सेन्सरखाली नळी घालून त्याला धुरापासून दूर करणे, असे उपायही सुचवले जातात. दुसऱ्या युक्तीने दिवा विझू शकतो, धूर मात्र तसाच राहतो; आणि तो रस्त्यावरच्यांच्या श्वासात जातो. शिवाय, उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असे बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा प्रतिबंध आहे.

दुरुस्तीनंतर स्कॅनरने संकेत पुसला की दिवा तत्काळ विझतो, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. संकेत पुसताना संगणक स्वतःची तपासणीही नव्याने आरंभतो. ती पूर्ण होण्यास थंड इंजिनापासून सुरुवात, शहरातील रहदारी व मोकळ्या रस्त्यावर काही काळ एकसारखा वेग अशा फेऱ्या लागतात आणि त्यांत काही दिवस जातात. परिवर्तकाची तपासणी पूर्ण झाल्याचे स्कॅनर दाखवील आणि संकेत परतलेला नसेल, त्यानंतरच गॅरेजचा हिशेब चुकता करणे श्रेयस्कर.