बुडालेल्या युद्धनौकेतली वस्तू कोणाची?



आमच्या किन्हवली भागातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. मोठं पाणी म्हटलं की त्यांना भातसा धरण आठवतं. तरीही १९७१ च्या युद्धाची गोष्ट सांगत असताना एका मुलाने विचारलं, "बाई, ती बोट अजून खालीच आहे ना? मग तिच्यातलं सामान वर का नाही काढत?"

गोष्ट 'आयएनएस खुकरी'ची होती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने तिला बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

मी लगेच उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "स्मशानात ठेवलेली वस्तू आपण घरी आणतो का?" सगळे म्हणाले, "नाही!" तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "पण बाई, आजी वारली तरी तिच्या बांगड्या आईकडे आहेत." वर्ग शांत झाला. खरा पाठ इथूनच सुरू झाला. वस्तू तीच असते. पण ती आठवण म्हणून घरच्यांनी जपणं वेगळं आणि परक्याने उचलून नेणं वेगळं.

मग फळ्यावर तीन प्रश्न लिहिले.

१) वस्तू कोणाची? युद्धनौका बुडाली तरी ती साधारणपणे त्या देशाचीच मानली जाते. 'गाझी' पाणबुडी अमेरिकेत बांधलेली, पाकिस्तानच्या नौदलातली आणि पडून आहे आपल्या विशाखापट्टणमच्या समुद्रात. ती कशी बुडाली याबद्दल दोन्ही देश वेगवेगळं सांगतात. २०२४ मध्ये आपल्या नौदलाने तिचा नेमका ठावठिकाणा शोधला, पण आत गेलेल्यांचा मान राखून तिला हात लावला नाही. शत्रूच्या मृतांचाही मान ठेवायचा असतो, हे मुलांना या एका उदाहरणातून कळतं.

२) कशासाठी काढायची? २०१३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडी स्फोट होऊन बुडाली, १८ जण गेले. पाणबुड्यांनी आत शिरून मृतदेह शोधले आणि २०१४ मध्ये ती वर काढली. घरच्यांना आपलं माणूस मिळावं, अपघाताचं कारण कळावं, म्हणून हे करणं योग्यच होतं. याउलट जावा समुद्रात दुसऱ्या महायुद्धातली डच जहाजं भंगारासाठी चोरून नेल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. तिथे शेकडो खलाशांची कबर होती.

३) न काढता आठवण ठेवता येईल का? येते. दीवला खुकरीचं स्मारक आहे. तिचंच नाव दिलेली, माझगाव गोदीत बांधलेली दुसरी 'खुकरी' निवृत्त झाल्यावर दीवलाच देण्यात आली. सिंधुदुर्गात निवतीजवळ 'गुलदार' हे निवृत्त जहाज बुडवून पर्यटकांना पाण्याखाली दाखवण्याची राज्याची योजना आहे. तिथे डुबकी मारायला हरकत कसली? त्यात कोणी मेलेलं नाही.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा साधारण शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना लागू होतो. खुकरीला अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत. पण दुःख जपायला शंभर वर्षं थांबायचं का? म्हणून ही गोष्ट कायद्याच्या आधी संस्काराची आहे.

शेवटी त्या मुलालाच विचारलं, "आता काय वाटतं?" तो म्हणाला, "बाई, घरच्यांना विचारूनच काढायचं. आणि विकायचं नाही." माझ्या मते ऐंशी टक्के उत्तर यात आलं. उरलेलं वीस टक्के अवघड आहे. एका घराला वस्तू हवी असते, दुसऱ्याला वाटतं झोपलेल्यांना उठवू नये. तेव्हा कोणाचं ऐकायचं?

पालकहो, आज जेवताना मुलांना हा प्रश्न जरूर विचारा. घरातली एखादी जुनी वस्तू समोर ठेवा आणि ती कोणाची होती, आपल्याकडे कशी आली, ते सांगा. उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल.