दह्यावरचा खटला

सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ दहा-बारा शिंका, नाकातून पाण्याची धार, टाळूला खाज आणि रात्री एक नाकपुडी बंद. हा प्रकार आठ-पंधरा दिवस नव्हे, तर महिनोन्‌महिने चालला की आपल्या घरांतून ताटाची चौकशी सुरू होते. "काल रात्री दही खाल्लं होतंस ना?" एवढ्या एका प्रश्नात आरोप, साक्ष आणि निकाल हे तिन्ही उरकलेले असतात. दह्यामागून केळी, काकडी, पेरू, ताक, दूध अशी हद्दपारांची यादी वाढत जाते. या यादीतला कोणताही पदार्थ खरोखर दोषी आहे की नाही, हे ठरवावयाचे कसे, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न वैद्यकाचा वाटला तरी त्याचा अर्धा भाग आमच्या तर्कशास्त्राच्या पेपरात येतो, म्हणूनच मी त्यावर लिहावयाचे धाडस करते आहे.

प्रथम ॲलर्जी म्हणजे काय ते पाहू. हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये रूढ केला. एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला शरीराने शत्रू समजून प्रतिकार करावा, असा त्याचा आजचा अर्थ आहे. हा वैरभाव रक्तात वसतो, हे १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन जर्मन डॉक्टरांनी दाखविले. क्युस्टनरला मासे सोसत नसत. प्राउस्निट्झला ते खुशाल पचत. प्राउस्निट्झने क्युस्टनरच्या रक्तातील द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली! गमतीचा भाग असा की प्राउस्निट्झला स्वतःला गवताच्या परागांनी सर्दी होत असे. रक्तातल्या त्या गूढ द्रव्याची ओळख पटावयास मात्र १९६६-६७ साल उजाडले. अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ते शोधले. त्यालाच आज इम्युनोग्लोब्युलिन ई म्हणतात. ते विशिष्ट पेशींना चिकटून बसते. वैरी पदार्थ आला की त्या पेशींतून हिस्टामिन सुटते आणि आपण रुमाल शोधू लागतो.

अन्नाची अशी ॲलर्जी असते, याबद्दल वाद नाही. पण तिची एक चाल आहे. ती बहुधा खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत प्रकट होते, आणि एकट्या नाकावर क्वचितच थांबते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, दम लागतो. बारमाही सर्दीचे रोगी तपासले तर बहुतेकांचे वैरी श्वासातून आलेले आढळतात: घरातल्या धुळीतील सूक्ष्म किडे, पराग, बुरशी, झुरळांचे अवशेष, मांजराच्या अंगावरचा कोंडा. पुण्याच्या परिसरात १९५० नंतरच्या दशकात नजरेस आलेले आणि मग देशभर पसरलेले गाजरगवतही या पंक्तीत बसते.

मग घराघरांतल्या अनुभवाचे काय? इतकी माणसे एकाच वेळी कशी फसतील? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या, त्यांतली पहिली अन्वयाची: जिथे जिथे कार्य दिसते, तिथे तिथे आधी काय होते ते पाहावे. आता जो माणूस रोज दही खातो आणि रोज शिंकतो, त्याच्या प्रत्येक शिंकेआधी दही सापडणारच. तसे पाहिल्यास मीठही सापडेल आणि आकाशवाणीवरच्या बातम्याही सापडतील. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, तिला आपले पूर्वज काकतालीय न्याय म्हणत. नित्याचा रोग आणि नित्याचे अन्न यांच्या बाबतीत तर कावळा फांदीवर कायमचाच बसलेला असतो.

शिवाय काही वेळा अन्नाने नाक खरोखरच वाहते, पण तो ॲलर्जीचा प्रकार नसतो. मिसळीच्या तर्रीचा पहिला घोट घेतला की भल्याभल्यांच्या नाकाला पाणी सुटते. मिरचीतले तिखट द्रव्य मज्जातंतूंना चेतवते, एवढेच. त्यात शिंका व खाज फारशी नसते, आणि मिसळ संपली की वाहणेही संपते.

तिसरे कारण मला सर्वांत मनोरंजक वाटते. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे ६० जणांना मुद्दाम साध्या सर्दीच्या विषाणूची लागण करून दहा दिवस पाहणी केली गेली. तिचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. कोणी दूध मुळीच पीत नव्हते, तर कोणी दिवसाला अकरा पेल्यांपर्यंत पीत होते. नाकातून आलेला स्राव चक्क तोलण्यात आला. (विज्ञानाची सेवा कोणाला कोणत्या रूपात करावी लागेल, सांगता येत नाही.) दुधाचा आणि स्रावाच्या वजनाचा काही संबंध दिसला नाही. मात्र दुधाने कफ होतो अशी ज्यांची श्रद्धा होती, त्यांनी खोकला आणि नाक चोंदणे अधिक असल्याचे सांगितले. त्यांचा स्राव मात्र इतरांपेक्षा जास्त भरला नाही. ती माणसे खोटे बोलत होती असे नव्हे. अपेक्षाही नाकात जाऊन बसते.

म्हणून मिलच्या दुसऱ्या पद्धतीकडे, व्यतिरेकाकडे वळावे लागते. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट काढावी आणि कार्य नाहीसे होते का ते पाहावे. मग ती परत आणावी आणि कार्य परतते का ते पाहावे. कॅलिफोर्नियातील आल्बर्ट रो या डॉक्टरने १९२० नंतरच्या दशकात संशयित पदार्थ वर्ज्य करण्याचे आहार याच विचाराने बसविले. अपेक्षेचा काटा काढण्याची युक्ती पुढे चार्ल्स मे यांनी १९७६ मध्ये दम्याच्या मुलांवर वापरली. अन्न कॅप्सूलमध्ये लपवायचे, काही कॅप्सूलांत दुसरेच काही भरायचे, आणि कशात काय आहे हे ना मुलाला ठाऊक ना तपासणाऱ्या डॉक्टरला. आजही अन्नाच्या ॲलर्जीचा शेवटचा निवाडा याच कसोटीवर होतो.

हा निवाडा आमच्या घरात करण्याची निकड माझ्यामुळे नव्हे, सहा वर्षांच्या पुतण्यामुळे निर्माण झाली. मी सातवीपासून दह्याविना जगले आहे आणि त्याने माझे फारसे बिघडले नाही. पण तोही माझ्यासारखा शिंकू लागला, तेव्हा आजीने त्याचे दूध, दही आणि केळी एकदमच बंद केली. आमचे घर शाकाहारी. वाढत्या मुलाच्या ताटातून दूध काढले की उरते काय, याचा हिशेब वहिनी रोज मनात करी आणि आजीपुढे बोलत नसे. मुलावर प्रयोग करायचा नाही, हे आम्ही दोघींनी आधीच ठरविले होते. मला दम्याचा त्रास नाही, कधी अंगावर गांधी उठलेल्या नाहीत. तेव्हा आमच्या डॉक्टरांना विचारून मीच पिंजऱ्यात उभी राहिले.

तीन आठवडे मी दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ सोडले, चहासुद्धा कोरा. शिंका, वाहणे, खाज आणि चोंदणे या चारींना रोज रात्री शून्य ते तीन गुण देऊन वहीत लिहिले. पहिल्या आठवड्यात बेरीज थोडी उतरली, नंतर होती तेथे आली. आजी म्हणाली, "तीन आठवड्यांत कुठं अंगातलं निघतं?" आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. तेव्हा वहिनीने बारा चिठ्ठ्या केल्या, सहांवर दूध, सहांवर नारळाचे दूध, आणि रोज एक उचलून त्याप्रमाणे नाचणीचे सत्त्व शिजवले. नाचणीचा रंग आणि भरपूर वेलची यांत बरेच काही लपते. मी वाटी संपवून कशाची होती याचा अंदाज लिही आणि रात्री गुण देई. चिठ्ठ्या वहिनीच्या डब्यात राहिल्या.

बाराव्या दिवशी आजीसमोर डबा उघडला. दुधाच्या सहा दिवसांची बेरीज ३१, नारळाच्या सहा दिवसांची ३४. माझे अंदाज बारांपैकी सात बरोबर. नाणे उडवले असते तरी जवळपास तेवढेच आले असते. आजीने वही चष्म्याजवळ धरून दोनदा वाचली आणि "मग शिंकतेस कशानं?" असे विचारले. खटल्यातला हा सर्वांत योग्य प्रश्न होता.

त्याचे उत्तर वहीच्या समासात सापडण्यासारखे होते. सर्वांत वाईट तीन सकाळींपैकी दोन पाहुण्यांसाठी माळ्यावरच्या गाद्या काढल्यानंतरच्या, आणि एक गोधड्यांची ट्रंक आवरल्यानंतरची. हॉलंडमध्ये लायडन येथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले की घरच्या धुळीतील खरा वैरी म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक किडा. तो आपल्या कातडीच्या कोंड्यावर पोसतो आणि अंथरुणात सुखाने नांदतो. पुढे त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत माझ्या हातावर या किड्याच्या अर्काची गांधी उठली, दुधाची उठली नाही. अर्थात अशी चाचणी रक्तातला वैरभाव दाखविते. रोग त्यानेच होतो हे एकट्या तिच्यावरून म्हणता येत नाही. कढत पाण्यात धुतलेली पांघरुणे, कडक ऊन आणि गादीला घट्ट विणीचा अभ्रा एवढ्याने माझे गुण उतरले आहेत. पण तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात केल्यामुळे श्रेय कोणाला, हे मिल मला सांगू देणार नाही.

हल्ली इम्युनोग्लोब्युलिन जी मोजून शेकडो पदार्थांच्या 'असहिष्णुते'ची यादी देणाऱ्या महागड्या चाचण्या विकल्या जातात. ते द्रव्य आपण नेहमी जे खातो त्याच्याविरुद्ध निरोगी माणसातही असते. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच या कामासाठी ती चाचणी करू नये असे म्हटले आहे. आजीची यादी निदान फुकट होती.

आयुर्वेदातील रात्री दही वर्ज्य करण्याचा नियम माझ्या बारा वाट्यांनी खोटा ठरला, असे मात्र कोणी समजू नये. तिथला कफ आणि इथले हिस्टामिन ही वेगवेगळ्या शास्त्रांची भाषा आहे. मी तपासले ते एका नाकाचे आणि दुधाचे नाते. आणि ज्यांना एखाद्या पदार्थाने एकदा जरी ओठ सुजणे, गांधी उठणे वा श्वास कोंडणे असा अनुभव आला असेल, त्यांनी तो पदार्थ घरी मुळीच चाखून पाहू नये. ती परीक्षा रुग्णालयात, औषधे हाताशी ठेवूनच होते.

पुतण्याला बालरोगतज्ज्ञांनी तपासले आणि दूध सुरू करण्यास हरकत नाही असे सांगितले. तो आता सकाळी एक पेला पितो आणि पूर्वीइतकाच शिंकतो. त्याच्या गादीला अभ्रा पुढच्या आठवड्यात शिवून येईल. केळ्याचा खटला अजून चालायचा आहे. केळे सत्त्वात लपत नाही, ही अडचण आहे. वहिनी सध्या त्यावर विचार करते आहे.