पाणी मऊ झाले, पण क्षार गेले का?



मध्यंतरी मानखुर्दला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. महानगरपालिकेचे तलावाचे पाणी मऊ आणि गोडे, पण तिच्याकडे ते पिण्या-स्वयंपाकापुरतेच येते. बाकी अंघोळ-धुण्याला सोसायटीच्या बोअरचे पाणी. मानखुर्द ठाणे खाडीच्या काठावर, त्यामुळे बोअरच्या पाण्याला खारट चव. त्या पाण्यासाठी तिने घरात सॉफ्टनर बसवला, तरी नळावर आणि बादलीवर पांढरे डाग. "दादा, मशीन बिघडलंय. विकणारा म्हणतो, नवीन घ्या." मी म्हटलं, थांब, आधी डाग तपासू.

असे डाग तुमच्याकडे पडत असतील तर पुढीलप्रमाणे बघा.

१) डागावर लिंबू पिळा. फसफसून विरघळला तर तो चुना. नुसत्या ओल्या फडक्याने सहज निघाला तर बहुधा सोडियमचे क्षार.

२) यंत्रातून आलेले पाणी बाटलीत घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा कीस टाका व हलवा. भरपूर फेस आला तर यंत्र चालू आहे. दह्यासारखा साका झाला तर पाणी अजून जडच आहे.

३) साका झाला तर मिठाची टाकी उघडा. मीठ संपले आहे का? वर घट्ट पापडी धरून खाली पोकळी झाली आहे का? पापडी काठीने हलकेच फोडा. बायपासचा कॉक उघडा राहिला आहे का, तेही पाहा.

बहिणीकडे फेस छान आला, डागही फडक्याने गेला. यंत्र ठीकच होते! सॉफ्टनरमधले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. लिटरला १०० मिलिग्रॅम कठीणपणा काढला की सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतो. म्हणजे क्षार जात नाहीत, फक्त बदलतात. पाण्यातले मूळचे मीठ तर तसेच राहते. पाणी वाळले की तेच डाग. तिला सांगितले, नवे मशीन नको. नळ वापरून झाला की कोरडा पुसत जा.

आता आपल्या शेताचे. चोपण जमिनीत आपण जिप्सम कशाला टाकतो? मातीच्या कणावरचा सोडियम हटवून तिथे कॅल्शियम बसवायला. सॉफ्टनर नेमके याच्या उलट करतो. साबणाला चांगले ते पाणी मातीला वाईट. जमीन पावसात चिकट, उन्हात दगड. पाणी मुरत नाही, उसाची मुळी गुदमरते. यंत्र धुतल्यावर निघणारे मीठपाणी तर त्याहून घातक.

म्हणून बोअरवर सॉफ्टनर बसवणाऱ्यांनी एवढे पाळावे:

• शेताची व परसबागेची लाईन यंत्राच्या अलीकडूनच काढावी.

• मीठपाणी सरीत किंवा विहिरीजवळ सोडू नये. बंद गटाराची सोय नसेल तर यंत्र घेण्याआधी दोनदा विचार करावा.

• खरेदीपूर्वी पाण्याचा कठीणपणा आणि एकूण क्षार दोन्ही तपासावेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (१०५००) लिटरला अनुक्रमे २०० व ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले धरतात. कठीणपणा जास्त आणि क्षार बेताचे, तर सॉफ्टनर उपयोगी. क्षारच जास्त असतील, तर त्याने डाग जाणार नाहीत.

घरचा डाग फडक्याने निघतो. जमिनीचा काढायला वर्षे जातात.

— ऊस विकास अधिकारी