न वाचलेला संदर्भ घालू नका

विंचूदंशावरचा आमच्या विभागाचा एक शोधनिबंध दुरुस्त्यांसाठी परत आला. रिव्ह्यूअरची मुख्य सूचना काय, तर आणखी पाच निबंधांचे संदर्भ घाला. पाचांमध्येही एकच नाव सामाईक होते आणि विंचवाशी एकाचाही संबंध नव्हता. पहिली लेखिका आमची पीजी विद्यार्थिनी. "घालू का सर? लगेच छापून येईल," तिने विचारले. मी नको म्हणालो. संपादकांना कारणासह लिहिले. निबंध नाकारला गेला. पुढे दुसरीकडे छापला गेला, पण तिचे बरेच महिने वाया गेले.

असे का होते, हे तरुण डॉक्टरांनी समजून घ्यावे. 2005 साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला. तुमच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन्स मिळाली की तुमचा आकडा वीस. त्या आकड्यावर नेमणुका आणि अनुदाने ठरू लागली, तशी माणसे निबंधापेक्षा आकड्याची मशागत करू लागली. विषयही बदलले. विंचूदंशावर काम करणारे जगात थोडे, म्हणून सायटेशन्सही थोडी. मग 'चालणारा विषय घे' असा सल्ला मिळतो. विंचूदंशावर संशोधन करणाऱ्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हा सल्ला मानला असता, तर कोकणातले किती रुग्ण दगावले असते!

न वाचता दिलेला संदर्भ रुग्णापर्यंत पोहोचतो. 1980 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले: इस्पितळात दाखल रुग्णांमध्ये ओपिऑइड वेदनाशामकांचे व्यसन क्वचित आढळले. 2017 साली त्याच नियतकालिकात त्या पत्राच्या उल्लेखांची मोजणी आली. उल्लेख 608. त्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक ठिकाणी ते रुग्ण दाखल झालेले होते, हेच सांगितलेले नव्हते. घरी महिनोन्‌महिने या गोळ्या घेणाऱ्यांनाही तोच दिलासा लागू केला गेला. उत्तर अमेरिकेतल्या ओपिऑइड संकटाला त्याचा हातभार लागला.

म्हणून संदर्भ घालण्याआधी मूळ निबंध पूर्ण वाचा, नुसता सारांश नको. तो मागे घेतला गेला आहे का, हे पबमेडवर पाहा. रिव्ह्यूअरने असंबद्ध संदर्भ मागितले, तर थेट संपादकांना लिहा, आणि ते पत्र गाइडच्या सहीने जाऊ द्या. विद्यार्थ्याला एकटे पाडू नका.

निवड समितीवरच्या वरिष्ठांना माझी विनंती आहे: उमेदवाराचा एच-इंडेक्स विचारण्याआधी त्याचा निदान एक निबंध वाचून या.