शंभरपर्यंत येतं, पण सात चिंचोके?

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणते. पण सात चिंचोके मोजायला दिले की कधी सहा सांगते, कधी नऊ. काय करावं?

उत्तर : तिचं बोट आणि तोंड वेगवेगळ्या वेगाने धावतंय, एवढंच. चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत एकेक करून टाकायला सांगा. चिंचोका पडला की अंक म्हणायचा. मग विचारा, "किती झाले?" ती पुन्हा एकपासून सुरू करत असेल, तर शेवटचा अंक म्हणजेच एकूण संख्या, हे तिला अजून उमगलेलं नाही. रागावू नका, वाटी झाकून पुन्हा विचारा. पानं घेताना "पाच वाट्या आण" म्हणा. समोरचं मोजण्यापेक्षा मोजून आणणं अवघड असतं. दहाच्या पुढची घाई नको. पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत म्हणून दाखवणं तर तूर्त बंदच ठेवा!