केंद्र सुरू होईल, पण चालेल का?

प्रश्न : उमरगा तालुक्यातील आमच्या संस्थेला सामुदायिक रेडिओ सुरू करायचा आहे. तो टिकवताना अडचणी कुठे येतात?

उत्तर : उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पुढे जहीराबाद लागतं. त्या परिसरातील माचनूरला १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. तो चालवणाऱ्या दलित शेतकरी महिला स्वतःच ध्वनिमुद्रण करतात, बियाणं, पिकं, सणवार यांवर त्यांच्याच बोलीत बोलतात. त्याच वर्षी साताऱ्याच्या म्हसवडमध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. प्रश्न पाठवणाऱ्या संस्थेने ही दोन्ही केंद्रं आधी पाहून यावीत.

परवाना ना-नफा संस्थेलाच मिळतो आणि तिची नोंदणी किमान तीन वर्षं जुनी लागते. ही पायरी कागदपत्रांनी पार पडते.

खरी कसोटी दरमहाच्या खर्चाची. ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचा, आवाज जेमतेम १०-१५ किलोमीटर पोचणार. एवढ्याशा टापूसाठी मोठा जाहिरातदार कशाला येईल? २०२४च्या सुधारित नियमांनी तासाला १२ मिनिटं जाहिरातींना मुभा दिली, पण ती मिनिटं भरणार आहेत गावातले कृषी सेवा केंद्रवाले आणि किराणा दुकानदारच. त्यांच्याकडून वर्षाची बोली आधीच करून घ्यावी. शिवाय भारनियमनासाठी इन्व्हर्टर हवा, मनोऱ्याला तडितरक्षक आणि नीट अर्थिंग हवं. वळवाच्या एका विजेने ट्रान्समीटर जळाला तर केंद्र महिनोन्‌महिने मुकं होतं.

आणि माणसं! शिकवून तयार केलेली मुलं पुण्याला निघून जातात. संघमने गावातच राहणाऱ्या बायकांच्या हाती माइक दिला, हा निर्णय इथेही घेण्यासारखा आहे.